नानांची वही नानांच्याच हाती

निफाड तालुक्यातून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

'माझे सासरे, नाना, वय ७१, द्राक्षबागायतदार. बारा वर्षांपासून शुगर आहे. अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात बॉल बदलला, आज ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस. शुगर वरखाली होते म्हणून अजून चारपाच दिवस राहावं लागेल. काल सिस्टरांनी एक कागद दिला. नाना काय पितात आणि लघवी किती होते ते लिहायचं, आणि तेही नानांनीच. तीन गोळ्यांचं फुंकायचं खेळणं दिलं, ते तासातासाला करा म्हणाल्या. इन्सुलिन नानांनी स्वतः घ्यायला शिकायचं, रोज स्वतःचे तळपाय बघायचे. माझे दीर भडकले, "एवढं बिल भरतोय आणि नर्सचं काम पेशंटनं करायचं?" शब्दाला शब्द लागला. तेव्हापासून सिस्टर कामापुरतंच बोलतात. आम्ही तर नानांना काहीच करू देत नाही, सासूबाई घास भरवतात, तरी नाना दिवसभर डोळे मिटून पडलेले असतात. मॅनेजमेंटकडे तक्रार करू का? चुकतंय कोणाचं?'

ताई, तक्रार करू नका. ज्या चार गोष्टींवरून वाजलं, त्या चारही नानांच्या उपचारातल्याच आहेत. त्या अंगवळणी पडल्याशिवाय नानांना घरी सोडणं हीच उलट हयगय ठरली असती. तुमच्या दिरांचा राग मात्र अगदीच हवेतला नाही. काही कामं खरोखर सिस्टरांचीच असतात, आणि वॉर्डात गर्दी असली की ती हळूच नातेवाइकांच्या गळ्यात पडतात. म्हणून आधी ती सांगतो.

सलाईनच्या नळीवरचं चाक नातेवाइकानं फिरवायचं नाही, कमी नाही आणि जास्तही नाही. बाटली संपली की 'हवा जाईल' म्हणून लोक धावत येऊन चाक बंद करतात. स्टँडला नुसती लटकवलेली सलाईन संपली की नळीतलं पाणी खाली येऊन थांबतं, कधी रक्त थोडं मागे चढतं. खरा तोटा हा की सुईत रक्त गोठतं आणि नवी सुई टोचावी लागते. बाटलीत थोडं उरलं असतानाच बेल दाबली की हे टळतं. ऑक्सिजनचा आकडा वाढवणं, मॉनिटरचा आवाज बंद करणं, शिरेतून इंजेक्शन देणं, घशातला कफ मशीननं ओढणं, लघवीची नळी काढणं यांतलं काहीही तुमच्यावर सोपवलं तर स्वच्छ 'नाही' म्हणा. तक्रार करायची ती तेव्हा. महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार रुग्णांच्या हक्कांची सनद हॉस्पिटलात सगळ्यांना दिसेल अशी लावावी लागते. आपल्या उपचाराची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळणं हा त्यातला एक हक्क आहे. तुमच्या भांडणाचं मूळही नेमकं इथंच आहे.

सिस्टरांनी कागद दिला, पण तो कशासाठी हे सांगितलं नाही. कारण न सांगता दिलेला कागद म्हणजे वेठ वाटते. तोच कागद 'नाना, तुमच्या किडन्या नीट चालल्यात का ते आम्हाला यावरूनच कळतं, आणि रात्री तीन वाजता तुम्ही किती पाणी प्यालात ते तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नसतं' एवढं सांगून दिला असता तर दीर भडकले नसते. एका सिस्टरकडे रात्री वीसपंचवीस पेशंट असले की ही दोन वाक्यं गिळली जातात. ती चूक खरी आहे.

आता त्या कागदाकडे वळू. ऑपरेशनात रक्त जातं, आधी उपास असतो, वर शुगर आणि दुखण्याची औषधं. या सगळ्यांचा ताण किडनीवर येतो आणि तो सर्वांत आधी लघवीच्या मापात दिसतो. ढोबळ हिशेब असा: वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिली लघवी ही खालची मर्यादा. नानांचं वजन ६० किलो धरलं तर तासाला ३० मिली, म्हणजे चोवीस तासांत ७०० मिलीच्या वर. ही कमीत कमी हवीच, भरपूर नव्हे. म्हाताऱ्या पेशंटांची एक खोडही इथं उघडी पडते. भांडं मागायला लाज वाटते म्हणून ते पाणीच कमी पितात. विचारलं तर 'तहान नाही' म्हणतात.

मापाची तयारी घरच्याच पेल्यानं करा. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या आणि ती रिकामी होईपर्यंत नानांचा पेला भरत राहा. पाच वेळा भरला तर पेला २०० मिलीचा, चार वेळा भरला तर २५० चा. चहाच्या कपाचंही असंच करा, घरोघरचे कप वेगळे असतात. वहीच्या पानावर चार रकाने आखा: वेळ, काय, आत, बाहेर. पाणी, चहा, ताक, पेज, डाळीचं पाणी, नारळपाणी हे सगळं 'आत'. (नारळपाण्याचं मात्र डॉक्टरांना विचारून घ्या. किडनीवर ताण असेल तर त्यातलं पोटॅशियम चालत नाही, आणि पेशंटला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊनच येतो.) भाकरी, वरणभात लिहायचा नाही. अर्धा पेला उरला तर अर्धाच लिहायचा. सलाईनचं माप सिस्टर लिहितील. लघवीच्या प्लास्टिकच्या भांड्यावर मिलीच्या रेघा असतात. ते सपाट जागी ठेवायचं, डोळे रेघेच्या पातळीला आणायचे आणि मग आकडा वाचायचा. हातात तिरकं धरून वाचलं की पन्नास मिलीचा फरक सहज पडतो. त्याच क्षणी लिहायचं. संध्याकाळी आठवून भरलेला तक्ता रिकाम्या तक्त्यापेक्षा वाईट, कारण डॉक्टर त्यावर विश्वास ठेवून सलाईन कमीजास्त करतात. रंग फार गडद किंवा लालसर दिसला, जळजळ झाली, तर आकड्याशेजारी तेही लिहा.

हे नानांनीच लिहावं याला आणखी एक कारण आहे, आणि ते तुम्हाला कोणी तोंडावर सांगणार नाही. सुनेनं सासऱ्याची लघवी मोजायची, हे नानांना किती जड जात असेल? डोळे मिटून पडण्यातलं निम्मं कारण हेच असू शकतं. भांडं आडोशाला, वही उशीशी आणि आकडा त्यांचा त्यांनी लिहायचा, यात त्यांची अब्रू राखली जाते. रात्री आधार द्यायला तुमचे यजमान किंवा दीर थांबले तर उत्तम.

आणि नानांना हे जमणार नाही असं कसं म्हणता? द्राक्षबाग सांभाळलेला माणूस आहे ना? २०० लिटरच्या टाकीला कोणतं औषध किती मिली, कोणत्या तारखेला मारलं, काढणीला किती दिवस राहिले, ही नोंद निर्यातीच्या बागेला ठेवावीच लागते. ती वही ज्यानं आयुष्यभर लिहिली त्याला ही चार रकान्यांची वही जड नाही. त्यांना नेमकं असंच सांगा, 'नाना, फवारणीची वही आहे समजा.'

लघवीची नळी अजून असेल तर सिस्टरांना रोज सकाळी एकच प्रश्न विचारा, 'ही आज काढता येईल का?' नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि हा प्रश्न पेशंटनं विचारलेला सिस्टरांनाही आवडतो. नळी आहे तोवर पिशवी कायम कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. कूस बदलताना ती पोटावर किंवा गादीवर ठेवली की लघवी उलटी मूत्राशयात जाते. नळी काढल्यावर सहाआठ तासांत लघवी झाली नाही किंवा ओटीपोट फुगून दुखू लागलं तर थांबू नका, सिस्टरांना बोलवा.

आता ते तीन गोळ्यांचं खेळणं. ताई, तुम्ही 'फुंकायचं' लिहिलं आहे, म्हणजे नाना ते उलटं करत असणार. हे यंत्र फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. पुष्कळ पेशंट पहिल्या दिवशी फुंकतात, गोळ्या हलत नाहीत आणि यंत्र खिडकीत जाऊन पडतं. नानांना पाठीशी टेकण देऊन बसतं करा. श्वास आधी सावकाश बाहेर सोडायचा. मग तोंडातली नळी ओठांनी घट्ट धरून हळूहळू, खोल श्वास आत ओढायचा. शहाळ्यातलं तळाचं पाणी स्ट्रॉनं ओढतो तसं, पण घाई न करता. पहिली गोळी वर गेली की ती दोनतीन सेकंद वरच तरंगती राहिली पाहिजे. मग नळी तोंडातून काढून श्वास सोडायचा. यंत्रावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, ते दर सेकंदाला किती मिली हवा ओढली त्याचे. झटका देऊन तिन्ही गोळ्या टणकन वर उडवण्यात काही पुरुषार्थ नाही. एक गोळी शांतपणे वर धरून ठेवली तर फुप्फुसाचा तळ उघडतो. जागे असताना तासाला दहा वेळा, पण सलग दहा नको. चारपाच झाले की थांबायचं, नाहीतर डोकं हलकं होतं. शेवटी दोनदा खोकायचं. हे कशासाठी? पडून राहिलेला माणूस, त्यात दुखणं, म्हणून श्वास वरवरचा घेतो. फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ तिथंच साचतो, ताप येतो आणि त्यातूनच न्यूमोनिया होतो. खुब्याचं ऑपरेशन छान होऊनही म्हातारी माणसं हातची जातात ती पुष्कळदा अशी.

दोन गोष्टी घरून मागवा. नानांची कवळी असेल तर ती, कारण ओठ नळीला घट्ट बसायला हवेत. आणि चष्मा. आकडा दिसत नाही म्हणून लिहीत नाहीत, ऐकू येत नाही म्हणून बोलत नाहीत, आणि आपण म्हणतो 'नानांना काही कळत नाही.' कानाचं मशीन असेल तर तेही आणा, त्याच्या सेलसकट.

इन्सुलिनवर जरा थांबू, कारण सगळ्यांत महाग चुका इथंच होतात. पहिला प्रश्न सिस्टरांना विचारा, 'नाना घरी काय घेऊन जाणार, इन्सुलिनचं पेन की बाटली आणि सिरिंज?' ज्यानं घरी घ्यायचं त्यानंच इथं शिकायचं. वॉर्डात पेनवर शिकवलं आणि घरी बाटली दिली तर शिकवणं वाया. बाटली असेल तर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. आपल्याकडे बाटलीत बहुधा एका मिलीत ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची, ४० ची. १०० युनिटवाल्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतलं औषध १०० च्या सिरिंजनं २० रेघेपर्यंत ओढलं तर पोटात जातात फक्त ८ युनिट. उलट १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजनं २० पर्यंत ओढलं तर ५० जातात, म्हणजे अडीचपट. पहिल्या चुकीत शुगर चढत राहते, दुसरीत माणूस बेशुद्ध पडतो. मेडिकलवाल्यानं 'हीच चालेल' म्हणून दुसऱ्या टोपणाची सिरिंज हातावर ठेवली तर परत करा.

पेन असेल तर दर वेळी सुई लावून आधी २ युनिट हवेत सोडायचे, टोकाला थेंब दिसला की मग आपला आकडा फिरवायचा. दुधाळ इन्सुलिन असेल तर तळव्यांत दहा वेळा लाटायचं, दहा वेळा सावकाश उलटंसुलटं करायचं. घुसळायचं नाही. पोटावर, बेंबीपासून दोन बोटं सोडून, सुई सरळ आत, बटण पूर्ण दाबून दहापर्यंत मोजायचं आणि मग काढायची. लगेच काढली तर औषध ओघळतं आणि तेवढा डोस कमी पडतो. जागा रोज बदलायची. एकाच जागी टोचत राहिलं की तिथं मऊ गाठ येते. तिथं दुखत नाही म्हणून पेशंटला ती जागा लाडकी होते, आणि इन्सुलिन मात्र तिथून नीट शोषलं जात नाही.

शिकवण्याची चाल अशी ठेवा. आज नाना नुसतं बघतील. उद्या आकडा नाना फिरवतील, टोचतील सिस्टर. परवा सगळं नाना करतील, सिस्टर शेजारी उभ्या राहतील. घरी जाण्याआधी निदान दोनदा त्यांनी हे अख्खं केलेलं असावं. डिस्चार्जच्या दिवशी, एकीकडे बिलाची रांग आणि दुसरीकडे गाडीवाला खोळंबलेला, अशा वेळी पाच मिनिटांत जे शिकवलं जातं ते घरापर्यंतही टिकत नाही. शुगर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, अजून कमी असेल तर पुन्हा साखर, मग जेवण. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन. हे नानांना आणि सासूबाईंना दोघांनाही येऊ द्या. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरातलं पेन घरात सावलीत ठेवलं तर बहुतेक प्रकारांत २८ दिवस चालतं. उघडल्याची तारीख त्यावर लिहून ठेवा. एप्रिल-मेमध्ये मात्र ते बागेतल्या शेडवर किंवा गाडीच्या डिकीत राहू देऊ नका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका.

आणखी एक. नानांच्या घरच्या शुगरच्या गोळ्या तुमच्या पिशवीत असतील, तर त्या आजच सिस्टरांना दाखवून बाजूला ठेवा. वॉर्डातून इन्सुलिन चालू आणि घरून 'नेहमीची एक' गुपचूप चालू, असं झालं की शुगर धाडकन खाली येते आणि कारण कोणालाच सापडत नाही. वरखाली होणाऱ्या शुगरचं हेही एक कारण असू शकतं. सासूबाईंना एकदा विचारा, प्रेमानं.

तळपाय बघायचे म्हणाल्या, तिथं मात्र सिस्टरांचं थोडं चुकलं. खुब्याचा बॉल बदलल्यावर कमरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकायला सहसा मनाई असते. पायाला पाय ओलांडायचा नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, बैठी खुर्ची नाही. किती दिवस ते सर्जन सांगतील. मग नाना तळपाय बघणार कसे? तेव्हा हे काम तूर्त सासूबाईंचं. बोटांच्या बेचक्या, टाचा, काही फोड, भेग किंवा रंग बदललाय का ते रोज एकदा बघायचं. घास भरवण्याऐवजी त्यांनी हे करावं. घास नाना खातील. सलाईनची सुई उजव्या हाताला असेल तर पुढच्या वेळी डाव्या हाताला लावायला सांगा, नाना उजखोरे आहेत एवढं कारण पुरे. आणि सुईच्या जागी आग होते, सूज येते, पट्टी ओली लागते, हे सर्वांत आधी नानांनाच कळणार. 'असंच असेल' म्हणून ते गप्प राहतात. त्यांना सांगून ठेवा, यासाठी बेल दाबणं म्हणजे त्रास देणं नव्हे.

टाचांवरून आठवलं. ज्या जागा गादीवर दबतात, म्हणजे माकडहाड आणि टाचा, तिथं कातडी लाल दिसली तर बोटानं दाबून सोडा. पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर ती बेडसोअरची सुरुवात, लगेच सांगा. त्या जागेवर चोळू नका, स्पिरिट लावू नका, पावडर थापू नका. हवेची गादी घेतली म्हणून कूस बदलणं सुटत नाही, दर दोन तासांनी जागा बदलावीच लागते. पलंगावर वर लोंबणारा हँडल असेल तर नाना तो दोन्ही हातांनी धरून, चांगला पाय रोवून कंबर क्षणभर उचलू शकतात. एकदा फिजिओथेरपिस्टसमोर करून बघा, मग दिवसभर त्यांचं त्यांना करू द्या. पंजे खालीवर करण्याचा व्यायाम तासाला दहा वेळा, त्यानं पोटरीतलं रक्त साकळत नाही. वॉकरनं चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. पण उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं. चक्कर येऊन दुसऱ्यांदा पडणं फार महागात पडेल. एकट्यानं संडासला जाणं हा मात्र स्वावलंबनाचा भाग नाही, तिथं हाक मारायचीच.

दुखणं किती हे सिस्टर शून्य ते दहात विचारतात आणि आपली मंडळी 'आहे थोडं' म्हणतात. नानांना आण्यात विचारा. 'रुपयात किती आणे दुखतंय?' आठ आण्यांच्या वर असेल तर चालायला नेण्याआधी अर्धा-पाऊण तास गोळी मागायची. दुखणं शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी चालण्याच्या कामी येत नाही. सिस्टरांना हा आण्याचा हिशेब समजतो, त्यांच्याही घरी नाना असतात.

आणि गोळी घेताना सिस्टरांनी 'तुम्हीच पाटील ना?' विचारलं तर नुसतं 'हो' म्हणायचं नाही. झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो आणि वॉर्डात पाटील तीन असतात. नानांनी आपलं पूर्ण नाव सांगायचं, मनगटाची पट्टी पुढे करायची आणि रोजच्यापेक्षा वेगळ्या रंगाची गोळी दिसली तर गिळण्याआधी विचारायचं, 'ही कशाची?'

हे सगळं खर्च वाचवायचा डाव आहे असं दिरांना वाटत असेल तर त्यांना सांगा, १७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन असतो आणि २०२३ साली त्याचा विषयच रुग्णाला स्वतःच्या उपचारात सहभागी करून घेणं हा होता. नर्सिंगच्या अभ्यासात डोरोथिया ओरेम या अमेरिकी परिचारिकेची मांडणी शिकवतात. ती अशी की पेशंटची काळजी तीन पायऱ्यांची असते. आधी सगळं नर्स करते, मग अर्धं ती आणि अर्धं पेशंट, शेवटी नर्स फक्त शिकवते आणि बघते. ऑपरेशनच्या रात्री नाना पहिल्या पायरीवर होते. आज दुसऱ्या पायरीवर आहेत. तुम्ही त्यांना पुन्हा पहिलीवर बसवता आहात.

तुमच्या घरचीच एक सवय मोडायला लागेल, ती नानांच्या वतीनं बोलण्याची. राऊंडला डॉक्टर विचारतात 'काय नाना, झोप लागली का?' आणि उत्तर येतं दिरांकडून. उद्यापासून डॉक्टरांनी प्रश्न विचारला की घरच्यांनी मनात पाचपर्यंत मोजायचं. नाना बोलले नाहीत तरच तुम्ही बोला. नानांना एखादी गोष्ट नकोच असेल तर तेही त्यांना म्हणू द्या, फक्त 'का नको' एवढं विचारा. बहुतेक वेळा दुखणं, भीती किंवा लाज यांतलं एक निघतं, आणि तिन्हींवर उपाय असतो.

सिस्टरांशी बोलायचं तर ड्यूटी बदलताना जाऊ नका. बहुतेक ठिकाणी सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ ला ओव्हर चालतं, म्हणजे एक पाळी दुसरीला पेशंटांची माहिती देते, तेव्हा त्यांच्या डोक्यात पंचवीस पेशंट असतात. तास-दीड तासानं, औषधं वाटून झाल्यावर जा. दिरांनी माफीनामा लिहायची गरज नाही. 'काल तापलो होतो. वही नाना लिहिताहेत, एकदा बघून बरोबर आहे का सांगा' एवढं पुरतं. आणि त्यांनी काही नवं शिकवलं की 'समजलं का?' ला 'हो' म्हणू नका. नानांनाच म्हणू द्या, 'सिस्टर, मी तुम्हाला करून दाखवतो, चुकलं तर सांगा.' हे वाचणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींनीही 'समजलं का' विचारणं सोडावं. 'घरी गेल्यावर नातवाला कसं सांगाल?' असं विचारलं की काय समजलं आणि काय नाही ते अर्ध्या मिनिटात कळतं.

आज संध्याकाळी कोणी घरून येणार असेल तर चष्मा, कवळी, एक दोनशे पानी वही आणि दोरी बांधलेलं पेन मागवा. दोरी नक्की, नाहीतर पेन पलंगाखाली जातं आणि ते काढायला नाना वाकतात. वहीतलं अक्षर वेडंवाकडं आलं तर रात्री बसून साफ करून लिहू नका. सिस्टरांना आकडा हवा असतो.